पहिल्या मजल्यावरचा हट्टी

दर वर्षी पुराचा सराव असायचा तेव्हा माझे वडील हट्टी माणूस व्हायचे.

सरावात प्रत्येकाला काहीतरी व्हावं लागतं. कोणी पाय मोडलेला होतो, कोणी दिवस भरलेली बाई, कोणी आईचा हात सुटलेलं मूल. समोरच्या काकू कित्येक वर्षं 'चक्कर आलेली वृद्धा' होत्या. त्यातल्या शेवटच्या शब्दाचा त्यांना इतका राग होता की स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्या उचलणाऱ्यांना आपलं खरं वय सांगायच्या, तेही दरसाल कमी करून. बाबांची भूमिका अशी होती, की नदीचं पाणी वाढतंय, भोंगा झालाय, गल्ली रिकामी होतेय आणि पहिल्या मजल्यावर एक माणूस बसून म्हणतोय, मी येत नाही.

ही भूमिका आईने काढली होती. ती नगरपालिकेच्या आपत्ती कक्षाची प्रमुख होती. म्हणजे गावावर काय काय कोसळू शकतं याची काळजी करायचा तिला पगार मिळायचा. बाबा म्हणत, "लोकांच्या बायका हेच काम घरी फुकट करतात."

वरून, राज्याच्या खात्याकडून, आराखड्याचा एक नमुना यायचा. जाडजूड, आणि जिथे नदीचं नाव, बोटींची संख्या, निवाऱ्याची जागा लिहायची तिथे टिंबटिंब. आई तो जेवणाच्या टेबलावर पसरायची आणि बाबांच्या दोऱ्याची रिळं घेऊन बसायची. बाबा पुस्तकबांधणी करतात. तर रिळं म्हणजे बसगाड्या, पुठ्ठा कापायची पट्टी म्हणजे पूल, खळीचं भांडं म्हणजे धरण. पट्टी बाजूला सरकवली की पूल गेला. मग रिळं कुठून न्यायची, यावर तिची संध्याकाळ जायची. बाबा रीळ शोधत आत यायचे आणि ती मान वर न करता म्हणायची, "त्याला हात लावू नका, त्यात माणसं आहेत."

त्या नमुन्यात एक वाक्य होतं. कोणी घर सोडायला नकार दिला तर तशी नोंद करावी आणि पथकाने पुढे जावं. वाक्य चुकीचं नव्हतं. एका माणसापायी सगळी गल्ली बुडू द्यायची नसते, हे आईलाही कळत होतं. पण ती म्हणायची, "खऱ्या वेळी कदाचित सोडून यावं लागेल, म्हणून तर सरावात सोडायचं नाही." तिने आमच्या गावापुरता नियम केला: सरावाचा शेवटचा भोंगा, तो लांब, एका सुरातला, धोका टळल्याचा, शेवटचं घर रिकामं झाल्याशिवाय वाजणार नाही. तोवर सगळ्या वॉर्डाने शाळेच्या मैदानात उभं राहायचं. आणि हट्टी माणसाने भिडेखातर उठायचं नाही. मनापासून पटलं तरच उठायचं.

पहिल्या वर्षी तिने ही भूमिका कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिली होती. स्वयंसेवकांनी "चला" म्हणताच तो चप्पल शोधायला लागला. वर त्यांना चहा विचारला. दुसऱ्या वर्षीपासून बाबा.

बाबांनी ती भूमिका अशी काही केली की सरावाला कंटाळणारे लोकही त्या भागासाठी गॅलरीत थांबायला लागले. मग त्यांनाही आधी बाहेर काढावं लागायचं. पथक जिना चढून यायचं, आणि उघड्या खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू यायचं.

"काका, पाणी जिन्यापर्यंत आलंय."

"येऊ दे. जिना तरी धुतला जाईल एकदाचा."

"काका, जीव महत्त्वाचा की पुस्तकं?"

"पुस्तकं लोकांची आहेत, जीव माझा आहे. आधी लोकांची वस्तू."

"आम्हाला तुम्हाला उचलून न्यावं लागेल हं."

"ने की. आधी तो शिकंजा उचलून दाखव. तो उचललास तर मी हलकाच आहे त्याच्यापुढे."

शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी सांगाडा. तो घरात आला तेव्हा खिडकीची चौकट काढावी लागली होती. एका वर्षी अग्निशमन दलाच्या जवानाने शेवटचा उपाय म्हणून थाप मारली, "काका, तुमची मुलगी खाली रडतेय हो." मी खाली आइसकांडी खात उभी होते. बाबांनी खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाले, "रडत असती तर एव्हाना वितळली असती ती कांडी."

सगळे हरले की आई यायची.

नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, पायात ते जाड सरकारी बूट. ती कोणाशी न बोलता जिना चढायची आणि आत गेल्यावर दार लोटून घ्यायची. तिच्यासाठी बाबा खिडकीही लावून घ्यायचे. मग गल्लीत शांतता. मैदानावर सगळा वॉर्ड उन्हात ताटकळत. स्ट्रेचरवरून काकूंचा आवाज यायचा, "मी इथे मरायला टेकलेय आणि ह्यांचा संसार चाललाय वर!" लोक हसायचे. आणि मग दार उघडायचं. बाबा बगलेत कोणाचं तरी अर्धं शिवलेलं पुस्तक धरून मुकाट खाली यायचे, त्यांच्या मागून आई. लगेच भोंगा.

आत ती काय बोलायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सरावानंतरच्या बैठकीत पथकातली माणसं विचारायची, "मॅडम, तुम्ही नेमकं काय सांगता त्यांना? आम्हालाही शिकवा." आई म्हणायची, "ते शिकवता येत नाही," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायची. मीही विचारलं होतं. "मोठी झालीस की सांगेन," म्हणाली. मोठी होऊन, दुसऱ्या शहरात नोकरी धरून, सुट्टीला आले तेव्हा पुन्हा विचारलं. "आता एवढी मोठी झालीस, आता सांगून काय उपयोग?"

आई या थंडीत गेली.

तिच्या आजाराने आम्हाला वेळ दिला, आणि तो तिने पर्याय नेमण्यात घालवला. हे तिचं जुनंच वेड होतं. शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे, तो गावात नसला तर कोणाकडे, तोही नसला तर कोणाकडे. "ज्या योजनेचं एका माणसावाचून अडतं," ती म्हणायची, "ती योजना नव्हे, ते लाड." घरातही तेच. गॅस बाबांनी बंद करायचा, ते नसले तर मी. मेन स्विच माझ्याकडे, मी नसले तर बाबांकडे. चपला उंबऱ्याशी काढायच्या त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून, म्हणजे घालून पळता येईल. दवाखान्यात पडल्या पडल्या तिने विमा, औषधं, दूधवाला, गच्चीची किल्ली, सगळ्यांना पर्याय लावून दिले. नर्ससुद्धा म्हणाली, "तुमच्या आई कुठे प्रवासाला निघाल्यात का?"

एकाच जागेला तिने पर्याय ठेवला नव्हता. फार पूर्वी एकदा, टेबलावर रिळं मांडलेली असताना, मी तिला विचारलं होतं, "आणि तू नसलीस तर बाबांना कोण उठवणार?"

तिने एक रीळ पुलावरून पलीकडे नेलं.

"मी नसले तर सराव होणार नाही."

"हे लाड झाले," मी म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली. "एक चालतो."

सराव अर्थातच झाला. पाण्याचे महिने कोणासाठी थांबत नाहीत. बाबांचा फोन आला, "सराव आहे. येणार आहेस का?" याआधी त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी रजा टाकली.

आदल्या संध्याकाळी कक्षाचा नवा प्रमुख घरी आला. आईच्या हाताखाली तयार झालेला मुलगा. गळ्यात सतत स्टॉपवॉच असायचं म्हणून आई त्याला सेकंदकाटा म्हणायची, त्याच्या तोंडावरसुद्धा. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

"काका, मी म्हणत होतो, या वर्षी ती भूमिका दुसऱ्या कोणाला दिली तर…"

"का? मी वाईट करतो?"

"नाही हो! तुमच्यासारखी कोण करणार?"

"मग झालं तर."

"पण काका…" त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "वर कोण येणार?"

बाबा पुस्तकाचा कणा शिवत होते. त्यांनी दोरा ओढला, गाठ मारली, दाताने तोडला.

"प्रमुख कोण आहे सध्या?"

"मी."

"मग तू ये."

त्याला सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मॅडमनी तुम्हाला तरी सांगून ठेवलं असेल ना, काय बोलायचं ते?"

"नाही."

"कशातच काही नाही. मी त्यांच्या सगळ्या फायली पाहिल्या. उद्या वरून निरीक्षकही येणार आहेत." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "एवढ्या गोष्टी शिकवल्या त्यांनी मला. भोंगा कसा उतरवून साफ करायचा तेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा मी नियमाप्रमाणे खाली उतरले आणि मैदानात आमच्या गल्लीच्या रांगेत उभी राहिले. बाबा खिडकीत दिसले नाहीत. ऊन कडक होतं. शाळेच्या भिंतीपाशी सावलीची एक पट्टी होती, तिथे लहान मुलं आणि पाय मोडलेले लोक. काकूंनी या वर्षी स्ट्रेचरला साफ नकार दिला होता आणि 'शेजारीण' एवढीच भूमिका घेऊन त्या माझ्या पुढे उभ्या होत्या, डोक्यावर वर्तमानपत्र धरून.

एक पथक गेलं आणि परत आलं. दुसरं गेलं, परत आलं. एरवी यायचे ते हसण्याचे आवाज या वेळी गल्लीतून आले नाहीत. मग सेकंदकाटा स्वतः गेला. तोही एकटाच परत आला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बस म्हणाले. मी म्हटलं, नको, खाली सगळे थांबलेत. तर म्हणाले, बरोबर आहे, तुला घाई असेल." त्याने कपाळ पुसलं. "मग काही बोललेच नाहीत. भांडलेसुद्धा नाहीत, ताई."

निरीक्षक बाई आमच्याजवळ आल्या. शांत, सभ्य बाई होत्या. म्हणाल्या, "नमुन्यात तरतूद आहे ना. नकार दिला अशी नोंद करा आणि भोंगा द्या. इतकी माणसं उन्हात आहेत, एखाद्याला खरंच चक्कर यायची."

त्यांचंही चूक नव्हतं. सेकंदकाट्याचा हात स्टॉपवॉचवर होता आणि तो ते बंदही करत नव्हता, सोडतही नव्हता.

"ओ बाई," काकू वर्तमानपत्राखालून म्हणाल्या, "तुम्ही काय लिहायचं ते लिहा. पण तो खाली आल्याशिवाय इथे भोंगा होत नाही. आमच्याकडे असंच असतं."

सेकंदकाट्याने वॉकीटॉकी माझ्यापुढे धरला. "ताई, जाल?"

माझी पावलं आधीच वळली होती. बाबांना खाली आणायला मी निघाले, असं सगळ्यांना वाटलं असणार. मला फक्त त्या खोलीत जायचं होतं, दार लोटलेलं असताना. इतकी वर्षं मी त्या दाराकडे लांबून बघत आले होते. आतलं जे काही होतं ते एक आईकडे होतं आणि एक बाबांकडे. त्यातलं निम्मं आता गेलं होतं, आणि उरलेलं निम्मं वर बसलं होतं, खाली यायला तयार नव्हतं.

रिकामी गल्ली अशी दिसते हे मला माहीत नव्हतं, कारण ती रिकामी असताना मी कधीच तिच्यात नसायचे. घर रिकामं झालं की पथक कडीला पांढरी चिंधी बांधतं. दारोदार चिंध्या हलत होत्या. कुठेतरी नळ ठिबकत होता. एक मांजर रस्त्याच्या मधोमध बसलं होतं, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्या कडीला तेवढी चिंधी नव्हती.

बाबा टेबलापाशी बसले होते. हातात काम नव्हतं. मी आत गेले आणि दार लोटलं. त्यांनी उठून खिडकी लावली आणि परत जागेवर बसले.

"तुला पाठवलं का?"

"पाठवलं. पण मी येणारच होते."

"बस."

शिकंज्याशेजारी एक बुटकं स्टूल असतं. त्याच्यावर कायम कागदाच्या कातरणांचा ढीग. मी त्याला बसायची जागा म्हणून कधी मोजलंच नव्हतं. आज ते रिकामं होतं आणि पुसलेलं होतं. माझ्यासाठी पुसलेलं नाही, हे मला कळलं. तरी मी बसले.

"बाबा, आई काय बोलायची?"

ते थोडंसं हसले. "तुला काय वाटायचं?"

"लहान असताना वाटायचं, धमकी देत असेल. मग वाटलं, गळ घालत असेल. नंतर तुमच्याकडे बांधायला येणारी सगळी पुस्तकं वाचून काढली, तेव्हा वाटायला लागलं, काहीतरी फार मोठं असणार. एखादंच वाक्य, पण असं की माणूस उठतोच."

"वाक्य कसलं आलंय," बाबा म्हणाले. "यायची, दार लोटायची, तू बसलीस तिथे बसायची आणि बूट काढायची. पहाटेपासून उभी असायची ना. आणि ते बूट! बायकांच्या मापाचे वरून कधी आलेच नाहीत. पुढे कापूस कोंबून घालायची. पाय लांब करून त्या शिकंज्याला टेकवायची, लोखंड गार असतं म्हणून. आणि डोळे मिटायची."

"आणि तुम्ही?"

"मी पंखा तिच्याकडे वळवायचो."

"काहीच बोलायची नाही?"

बाबांनी आठवून बघितलं. "एकदा म्हणाली, वर्षातून एवढाच वेळ असा मिळतो की मी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कोणी हाक मारत नाही." ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मग बूट घालायची आणि म्हणायची, उठा, लोक उन्हात उभे आहेत. की मी उठायचो. एवढंच. मी हट्टी चांगला होतो म्हणून नाही गं मला घेत होती ती."

वॉकीटॉकी खरखरला. "ताई, काय परिस्थिती?"

"बोलणं चालू आहे," मी सांगितलं.

मला मोठ्या पुराचं आठवलं. तेव्हा मी शिकायला बाहेर होते. रात्रभर फोन लागत नव्हते, आणि मी खोलीत बसून आमचा जिना डोळ्यांपुढे आणत होते, बाबा वरच अडून बसलेत असं बघत होते. नंतर कळलं, भोंगा व्हायच्या आत बाबा मैदानावर होते. वॉर्डातले पहिले. लोक अजून त्यांना त्यावरून चिडवतात.

"तेव्हा तुम्ही लगेच उतरलात."

"तेव्हा ती कक्षात अडकली होती. वर येणार नव्हती. मग बसून कोणाची वाट बघायची?"

मग ते आपणच म्हणाले, "आजही माहीत आहे मला, ती येणार नाही ते. तेवढं डोकं ठिकाणावर आहे. पण आज मी उतरलो ना, की पुढच्या वर्षी मला कोणीही उतरवेल. तो घड्याळवाला उतरवेल. चांगला मुलगा आहे. कोणीही."

मी आदल्या दिवशीच प्रवास करून आले होते आणि सकाळपासून उभी होते. चपला काढल्या. पाय लांब केले. लोखंड खरंच गार होतं, अगदी टाचेतून वर पोचेल इतकं गार. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग वारा माझ्या चेहऱ्यावर आला. बाबांनी पंखा वळवला होता.

मी डोळे मिटले.

खळीचा वास होता, नव्या पुठ्ठ्याचा वास होता. बाहेर नळ ठिबकत होता. मी काही ऐकायचा प्रयत्न करत नव्हते, पण कान जिन्याकडे लागले होते. ती मधल्या वळणावर क्षणभर थांबायची, दम लागला म्हणून नाही, शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकायला. रोज घरी येतानाही थांबायची. पावलं, थांबणं, पुन्हा पावलं. तेवढं ऐकलं की मी गॅसवर पाणी ठेवायचे. शहरातल्या माझ्या घराला लिफ्ट आहे, आणि थंडीपासून मी रोज जिन्याने चढते, मधल्या वळणावर थांबते. कशासाठी ते मला सांगता येणार नाही. आत्ता, इथे, ते थांबणं इतकं जवळ होतं, की मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. मी तो उचलला नाही. पुन्हा एकदा. मागे निरीक्षक बाईंचा आवाज होता आणि त्याच्याही मागे काकूंचा.

"अगं, बोल ना त्याच्याशी काहीतरी," बाबा म्हणाले.

"बसू द्या थोडं."

"सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत."

"त्या समोरच्या काकू पडतील उन्हात."

"सराव आहे त्यांना पडायचा."

बाबांना हसू फुटलं. मला फुटलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली असावी.

"चल," ते म्हणाले.

"मी येत नाही."

हे मी विनोदाने म्हटलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते वाक्य कोणाचं आहे हे माझ्या लक्षात आलं, आणि तरीही ते खरंच होतं. मला यायचं नव्हतं. खाली गेले की भोंगा होणार होता, तो सगळं संपल्याचा भोंगा, आणि लोक घरोघर जाऊन आपापल्या चिंध्या सोडणार होते.

मी डोळे उघडले नाहीत, पण बाबा माझ्याकडे बघतायत हे कळत होतं. बराच वेळ. मग त्यांचे गुडघे वाजले. ते माझ्यापर्यंत आले आणि खाली वाकले, एवढं वाकणं त्यांना डॉक्टरांनी बंद केलंय. चपला सरळ झाल्याचा आवाज आला. डोळे उघडून बघते तर त्यांनी माझ्या पायांपुढे चपला नीट जोडीने लावल्या होत्या, दाराकडे तोंड करून.

"ऊठ," बाबा म्हणाले. "लोक उन्हात उभे आहेत."

मी उठले.

दाराशी सवयीने विचारलं, "गॅस?"

"बंद."

"मेन स्विच?"

"तो तुझ्याकडे आहे."

"मी नसले तर तुमच्याकडे."

"तू आहेस."

मी स्विच खाली ओढला. पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. बाबा परत आत गेले. मला वाटलं, नेहमीसारखं कोणाचं तरी पुस्तक आणतील. ते स्टूल घेऊन आले. चिंधी द्यायला पथक नव्हतं, म्हणून त्यांनी बांधणीच्या पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली आणि आपल्या हाताने कडीला बांधली.

गल्लीच्या तोंडाशी एक स्वयंसेविका होती. "काका, सामान न्यायचं नसतं."

"हे सामान नाही."

"मग काय आहे?"

"बघ खाली ठेवल्यावर."

मैदानात शिरलो तेव्हा रांगांमधून एक सुस्कारा गेला. कोणीतरी म्हणालं, आले, आले. बाबा सरळ सेकंदकाट्यापाशी गेले आणि स्टूल त्याच्यापुढे ठेवलं.

"बस."

"नको काका, मी ठीक आहे."

"बूट लागतायत ना?"

त्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं. "लागतात," तो म्हणाला, जणू हे त्याला आत्ताच समजलं होतं. पण निरीक्षक बाई शेजारी उभ्या होत्या. तो काही बसला नाही. त्याही बसल्या नाहीत. मला तर त्या स्टुलाकडे बघवतही नव्हतं. एवढ्या माणसांच्या मधोमध ते बुटकं स्टूल रिकामं उभं होतं.

मग रांग मोडून काकू आल्या. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी बगलेत मारली.

"कोणाला बसायचं नसेल तर मी बसते," त्या म्हणाल्या आणि बसल्यासुद्धा. "सगळ्यांत म्हातारी मीच आहे इथे." पाय लांब करत त्यांनी बाबांकडे वर बघितलं. "आटोपलं का तुमचं?"

"आटोपलं," बाबा म्हणाले.

सेकंदकाट्याने स्टॉपवॉच बंद केलं आणि भोंगा द्यायला सांगितलं.

लहानपणी तो सुरू झाला की मी घराकडे पळत सुटायचे. या वेळी मी बाबांच्या शेजारी उभी राहिले, तो पुरता संपेपर्यंत.